स्मार्टवॉचवरचे काटे: दिसायला देखणे, वाचायला कसे?

आपल्या मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात पहिल्या दोन-तीन रांगांतली मनगटे बघा. बऱ्याच जणांच्या हातावर आता स्मार्टवॉच दिसते. तरुणांनी ते पावले मोजायला घेतलेले असते, पन्नाशीच्या मंडळींनी हृदयाचे ठोके बघायला, आणि आजी-आजोबांच्या हातावर ते असते कारण मुलांनी किंवा नातवंडांनी दिवाळीला भेट दिलेले असते. गंमत अशी, की आत एक छोटा संगणक असलेल्या यातल्या कितीतरी घड्याळांच्या स्क्रीनवर जुन्या घड्याळासारखी तबकडी आणि काटेच असतात. सरळ आकड्यांत वेळ दाखवणे संगणकाला सर्वांत सोपे, तरी आपण त्याच्याकडून काटे काढून घेतो.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. स्क्रीनवर काय दाखवायचे, किती मोठे दाखवायचे आणि बघणाऱ्याला ते एका नजरेत कळेल का, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. त्यामुळे घरातल्या मंडळींची घड्याळे 'लावून देण्याचे' काम आपोआप माझ्याकडे येते. ते करताना एक गोष्ट वारंवार जाणवली. घड्याळाला वेळ किती अचूक ठाऊक आहे आणि आपल्याला ती किती अचूक वाचता येते, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कारखान्यात ठरते. दुसरी आपण निवडलेल्या तबकडीवर, म्हणजे 'वॉच फेस'वर ठरते, आणि तिच्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. हा लेख त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

घड्याळाला वेळ किती नेमकी कळते?

आपल्या वडिलांच्या पिढीचे घड्याळ म्हणजे एचएमटी. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने त्याचा कारखाना सुरू झाला. रोज सकाळी चावी द्यायची आणि रेडिओवरच्या बातम्यांच्या वेळी काटे जुळवून घ्यायचे, हा कित्येक घरांतला नेम होता. चावीचे घड्याळ दिवसाला काही सेकंद इकडे-तिकडे होणारच, हे सगळ्यांनी धरलेलेच असे.

मग क्वार्ट्झ आले. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आजच्या क्वार्ट्झ घड्याळात गारगोटीच्या स्फटिकाचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा उगाच निवडलेला नाही. तो पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका मिळतो. साध्या क्वार्ट्झ घड्याळात महिन्याला पंधरा-वीस सेकंदांचा फरक पडतो.

स्मार्टवॉचमध्येही असाच स्फटिक असतो. फरक इतकाच, की ते अधूनमधून फोनकडून किंवा इंटरनेटवरून प्रमाण वेळ विचारून घेते आणि स्वतःला सुधारते. आपले घड्याळ प्रमाण वेळेपासून ५० मिलिसेकंदांहून जास्त ढळत नाही, असे अ‍ॅपलने पहिल्या घड्याळाच्या वेळी, २०१५ च्या सुमारास सांगितले होते. ५० मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाचा विसावा भाग. साध्यातले साधे स्मार्टवॉचसुद्धा फोनशी जोडलेले असेल तर रोजच्या व्यवहाराला पुरून उरेल इतके बरोबर असते.

म्हणजे आतल्या वेळेची काळजी मिटली. ती वेळ बाहेर काट्यांच्या रूपाने काढताना मात्र काय होते ते बघू.

काट्यांचे गणित

तिसरी-चौथीत शिकलेले आठवा. मिनिट काटा एका मिनिटात ६ अंश सरकतो, तास काटा एका तासात ३० अंश, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. आता हे एका नेहमीच्या गोल स्मार्टवॉचवर मांडू. समजा स्क्रीनचा व्यास १.४ इंच आहे आणि तिच्यावर आडवे ४५४ व उभे ४५४ पिक्सेल, म्हणजे प्रकाशाचे ठिपके आहेत. व्यास साधारण ३५.५ मिलिमीटर भरतो आणि एक ठिपका ०.०८ मिलिमीटरहून किंचित लहान.

मिनिट काटा १६ मिलिमीटर लांब धरला, तर त्याचे टोक दर मिनिटाला सुमारे १.७ मिलिमीटर, म्हणजे २१ ठिपके पुढे जाते. चांगली नजर ४० सेंटिमीटरवरून साधारण ०.१२ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखू शकते. त्या मानाने १.७ मिलिमीटर खूप झाले. म्हणजे मिनिट काट्यावरून मिनिट वाचायला डोळ्यांची अडचण नाही.

तास काट्याची गोष्ट वेगळी. तो ९ मिलिमीटर लांब असेल तर त्याचे टोक एका मिनिटात जेमतेम एक ठिपका सरकते. त्यामुळे तास काटा आपल्याला मिनिट सांगू शकत नाही. तो फक्त 'कोणता तास आणि त्याचा साधारण कितवा भाग' एवढेच सांगतो. काट्यांच्या घड्याळातली सर्वांत मोठी चूक इथेच होते. सात वाजून ५८ मिनिटांनी तास काटा जवळजवळ आठवर असतो. मिनिट काटा ५८ दाखवतो आणि घाईत 'आठ अठ्ठावन्न' वाचले जाते. एका मिनिटाने नाही, एका तासाने चुकते.

यावरून एक साधी परीक्षा सुचते. साडेपाच वाजता तास काटा ५ आणि ६ यांच्या बरोबर मध्यावर हवा. आत्मविश्वासाने पाचवरच उभा असेल, तर तो फेस बनवणाऱ्याने मिनिटाचा अर्धा अंश हिशेबात घेतलेला नाही. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या फेसमध्ये असे नमुने मी पाहिले आहेत. दिसायला सुंदर असला तरी असा फेस काढून टाकावा.

दुसरी गोष्ट तबकडीवरच्या खुणांची. तबकडीवर साठही मिनिटांच्या रेघा असतील तर टोक कोणत्या रेघेवर आहे तेवढे बघायचे. फक्त बारा खुणा असतील तर दोन खुणांमधले साडेआठ मिलिमीटर अंतर मनाने पाच भागांत वाटावे लागते. आणि 'मिनिमल' म्हणून मिरवणाऱ्या फेसवर चारच ठिपके असतील, तर पंधरा मिनिटांचे अंतर अंदाजाने मोजायचे. घड्याळ सेकंदाच्या विसाव्या भागापर्यंत बरोबर आहे आणि आपण दोन-तीन मिनिटांनी चुकतो आहोत, असा हा प्रकार.

आपली मराठी वेळ काट्यांचीच

मग काटे हवेतच कशाला? सरळ ७:४५ लिहिले की झाले, असे कुणी म्हणेल. पण आपण मराठीत ७:४५ ला 'पावणेआठ' म्हणतो. सव्वासात, साडेसात, पावणेआठ, आठला दहा कमी: हे सगळे शब्द तबकडीकडे बघून तयार झाल्यासारखे आहेत. 'पावणेआठ' म्हणताना आपले लक्ष गेलेल्या पंचेचाळीस मिनिटांकडे नसते, आठ वाजायला पाव तास उरला आहे याकडे असते. काट्यांच्या घड्याळात तो उरलेला पाव तुकडा डोळ्यांना दिसतो. आकड्यांच्या घड्याळात तो वजाबाकी करून काढावा लागतो.

म्हणून 'किती वेळ उरला?' या प्रश्नाला काटे चांगले उत्तर देतात. कुकर लावून वीस मिनिटे झाली का, शाळेची बस यायला किती अवकाश आहे, मीटिंग संपायला किती राहिले, हे सगळे कोनाचे प्रश्न. 'नेमके किती वाजले?' या प्रश्नाला आकडे चांगले. लग्नपत्रिकेवर मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा छापलेला असतो, साडेबाराचा नाही. पूर्वी हे काम घटिकापात्र करत असे. तळाला भोक असलेली वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे झाली. आता अंतरपाटाशेजारी उभे असलेले गुरुजी मोबाइलवरचे आकडे बघतात, आणि ते योग्यच आहे.

माझ्या घरात हा फरक रोज दिसतो. नववीतल्या भाचीला 'पावणेआठला तयार राहा' सांगितले की ती विचारते, "म्हणजे सेव्हन फॉर्टी फाइव्ह ना, मामा?" उलट बाबांना ७:४५ दाखवले की ते क्षणभर थांबून मनात त्याचे पावणेआठ करतात. दोघांनाही वेळ कळते, पण वेगवेगळ्या वाटेने. म्हणून घरातल्या प्रत्येकाला एकच फेस 'चांगला' असणार नाही.

विमानातला धडा, स्टेशनावरचा धडा

काटे वाचताना माणूस कुठे चुकतो याचा अभ्यास घड्याळवाल्यांच्या आधी विमानवाल्यांना करावा लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विमानांत उंची दाखवणारी जी तबकडी असे, तिच्यावर एकाच खिळ्याभोवती तीन काटे फिरत. एक शेकडा फूट दाखवी, दुसरा हजार, तिसरा दहा हजार. वैमानिक घाईत हजारांचा काटा चुकीचा वाचत आणि आपण आहोत त्यापेक्षा हजार फूट किंवा त्याहून जास्त वर आहोत असे समजत. अमेरिकी हवाई दलासाठी पॉल फिट्स आणि रिचर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९४७ मध्ये वैमानिकांच्या अशा चुका गोळा केल्या. त्यांनी चुकीचा दोष वैमानिकाच्या निष्काळजीपणावर न टाकता तबकडीच्या रचनेत शोधला. पुढे १९४९ मध्ये वॉल्टर ग्रेदर यांनी उंचीमापकाचे वेगवेगळे नमुने लोकांना वाचायला देऊन तुलना प्रसिद्ध केली. नेमका आकडा वाचायच्या कामात तीन काट्यांचा नमुना फार मागे पडला आणि सरळ आकडे दाखवणारा पुढे राहिला.

आता आपल्या मनगटावरचा एखादा 'क्रोनोग्राफ' फेस बघा. तीन मोठे काटे, आत तीन छोट्या तबकड्या, त्यांना त्यांचे काटे, शिवाय पावले, बॅटरी, हवामान. उंचीमापकाचीच ही गर्दी, तीही इंच-दीड इंचात.

याच्या उलट टोकाला स्वित्झर्लंडच्या रेल्वे स्टेशनावरचे घड्याळ आहे. रेल्वेतलेच एक अभियंते हान्स हिल्फिकर यांनी ते १९४४ मध्ये तयार केले. पांढरी तबकडी, जाड काळ्या खुणा, जाड काळे काटे, आणि एकही आकडा नाही. १९५३ मध्ये त्याला लाल सेकंद काटा जोडला, ज्याचे टोक गाडी सोडताना दाखवायच्या लाल तबकडीसारखे गोल आहे. हा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो, वर येऊन क्षणभर थांबतो, आणि मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आला की मिनिट काटा एकदम पुढच्या खुणेवर उडी मारतो. त्यामुळे मिनिट काटा दोन खुणांच्या मध्ये रेंगाळत नाही. धावत फलाटावर आलेल्या माणसाला मिनिट स्पष्ट दिसते. २०१२ मध्ये अ‍ॅपलने आयपॅडवर हेच घड्याळ वापरले, तेव्हा स्विस रेल्वेने हरकत घेतली आणि पुढे रीतसर करार करावा लागला.

आकड्यांवाचून वेळ कळते, हे आपल्यालाही नवे नाही. चारमिनारवर चारही बाजूंना १८८९ मध्ये बसवलेली घड्याळे आहेत. खालच्या गर्दीतून मान वर करून बघणारा माणूस अंक वाचत बसत नाही. काट्यांचा कोन बघतो आणि चालू लागतो. बारा कुठे आणि सहा कुठे हे आपल्याला पाठच असते. म्हणून तबकडीवरचे अंक वाचण्यासाठी कमी आणि दिशा कळण्यासाठी जास्त लागतात. अंक मोठे करण्यापेक्षा काटे जाड करणे आणि मिनिटांच्या रेघा ठळक करणे अधिक उपयोगाचे.

जाहिरातीतले १० वाजून १० मिनिटे

घड्याळाच्या जाहिरातीत नेहमी दहा वाजून दहा मिनिटे का झालेली असतात, हा प्रश्न आपल्या सगळ्यांना लहानपणी पडलेला आहे. काटे हसऱ्या चेहऱ्यासारखे दिसतात आणि कंपनीचे नाव झाकले जात नाही, ही नेहमीची उत्तरे. अ‍ॅपलने तीच परंपरा एक मिनिट आधी, १०:०९ वर चालवली आहे.

वाचण्याच्या दृष्टीने यात एक मेख आहे. दहा-दहाला दोन्ही काटे एकमेकांपासून दूर आणि समान पसरलेले असतात. कोणतीही तबकडी तेव्हा स्पष्टच दिसणार. फोनमध्ये फेस निवडताना जी छोटी चित्रे दिसतात, तीही बहुधा याच वेळेची असतात. म्हणजे प्रत्येक फेस आपण त्याच्या सर्वांत सोयीच्या क्षणी पसंत करतो.

प्रत्यक्षात बारा तासांत दोन्ही काटे ११ वेळा एकमेकांवर येतात: बाराला, मग साधारण १:०५, २:११, ३:१६, ४:२२, ५:२७, ६:३३, ७:३८, ८:४४, ९:४९ आणि १०:५५ ला. या वेळी दोन्ही काटे सारख्याच जाडीचे आणि रंगाचे असतील तर एकच काटा दिसतो, आणि घड्याळ बंद पडले की काय असे वाटते. खऱ्या घड्याळात काटे एकमेकांच्या वर असतात, त्यांच्या धातूवर उजेड वेगवेगळा चमकतो, त्यामुळे डोळ्यांना फरक कळतो. स्क्रीनवर तो फरक चित्रकाराने काढला तरच असतो. शिवाय साडेसहाला दोन्ही काटे खालच्या बाजूला येऊन तिथली तारीख किंवा बॅटरीचा आकडा झाकतात.

स्क्रीनच्या बाजूने एक चांगली गोष्टही सांगायला हवी. भिंतीवरच्या घड्याळात काटे तबकडीपासून थोडे वर असल्याने बाजूने बघितले की मिनिट थोडे चुकीचे दिसते. स्क्रीनवर काटा आणि रेघ एकाच पातळीवर असतात, त्यामुळे तिरके बघूनही तेच मिनिट दिसते.

सेकंद काटा कुठे गेला?

माझी आत्या सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झाली. तिच्या मुलाने मागच्या वर्षी तिला स्मार्टवॉच आणले. चार दिवसांत तिने मला बोलावले आणि म्हणाली, "अरे, याचा सेकंद काटा मधेच पळून जातो. मी बाळाचे श्वास मोजू कशी?"

तिचे म्हणणे अगदी बरोबर होते. लहान मुलाला खोकला-ताप असेल तर तो किती वेगाने श्वास घेतो आहे हे मोजायला तिने शेकडो आयांना शिकवले आहे. मूल शांत असताना पूर्ण ६० सेकंद मोजायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे २ ते १२ महिन्यांच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त श्वास असतील तर तो वेगवान श्वास, आणि मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवायला हवे. या मोजणीत नजर एकाच वेळी मुलाच्या पोटावर आणि घड्याळावर ठेवावी लागते. इथे फिरता काटा आकड्यांपेक्षा सोयीचा, कारण तो सुरू केला तिथेच परत आला की मिनिट झाले. कोपऱ्यातल्या नजरेलाही ते कळते, आकडे लक्षात ठेवावे लागत नाहीत.

काटा पळून जाण्याचे कारण बॅटरी. हात खाली गेला किंवा काही सेकंद हालचाल झाली नाही, की स्क्रीन बंद होते किंवा मंद होते. 'ऑलवेज ऑन' सोय असलेल्या घड्याळातही मंद अवस्थेत चित्र बहुतेक वेळा मिनिटाला एकदाच बदलते. सेकंद काटा दाखवायचा तर सेकंदाला एकदा बदलावे लागेल, म्हणून तो लपवला जातो. अ‍ॅपलने २०२४ च्या दहाव्या मालिकेत मंद अवस्थेतही सेकंद दाखवण्याची सोय काही फेसपुरती दिली. बाकीच्या बहुतेक घड्याळांत काटा दडतोच.

उपाय सोपा निघाला. स्क्रीन किती वेळ जागी राहावी याची सेटिंग असते. अ‍ॅपलच्या घड्याळात ती १५ किंवा ७० सेकंद ठेवता येते. इतर घड्याळांत 'स्क्रीन टाइमआउट' अशा नावाने सापडते. ज्यांना नाडी किंवा श्वास मोजायचे असतात त्यांच्यासाठी एक मिनिटाहून जास्त ठेवावी. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण काटा फेरी पूर्ण करेल. आत्याच्या घड्याळात मी तेच केले आणि सेकंद काटा ठळक असलेला फेस लावला. तरीही दवाखान्यातले जुने घड्याळ तिने पर्समधून काढलेले नाही, आणि मी आग्रहही केलेला नाही.

रंग, ऊन आणि वाढते वय

बहुतेक स्मार्टवॉचचे पडदे ओलेड जातीचे असतात. त्यात काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका, वीज शून्य. म्हणून पार्श्वभूमी काळी ठेवतात, आणि ते ठीक आहे. गडबड होते ती काट्यांच्या रंगात. काळ्यावर पांढऱ्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणाचे गुणोत्तर, २१ ला १ असते. शुद्ध लाल रंगाचे ५ ला १ च्या आसपास आणि शुद्ध निळ्याचे अडीचला १ पेक्षाही कमी. वेबसाइट बनवताना सर्वांना दिसावे म्हणून जे आंतरराष्ट्रीय निकष आम्ही पाळतो, त्यात चिन्हे आणि आकृत्यांसाठी किमान ३ ला १ लागते. म्हणजे काळ्या तबकडीवरचे ते देखणे गडद निळे काटे या परीक्षेत नापास. त्यात वयानुसार डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश आणखी अडतो. त्यामुळे नातवाला छान दिसणारा निळा काटा आजोबांना दिसतच नाही, आणि दोघेही आपापल्या जागी खरे असतात.

चाळिशीनंतर जवळचे वाचायला चष्मा लागतो, आणि घड्याळ बघायला कुणी चष्मा शोधत नाही. अशा वेळी धूसर दिसणाऱ्या आकड्यांपेक्षा धूसर दिसणारे जाड काटे जास्त कामाचे. कोन धूसर असला तरी कोनच राहतो; धूसर ३ आणि ८ मात्र सारखेच दिसतात. काट्यांची बाजू मला इथे सर्वांत भक्कम वाटते.

एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी हैदराबादच्या उन्हात उभे राहून घड्याळ बघितले असेल, तर तिसरी अडचण तुम्हाला माहीत आहे. खऱ्या घड्याळाचे काटे उन्हात जास्त उजळतात, कारण ते उजेड परावर्तित करतात. स्क्रीनला मात्र सूर्याशी स्पर्धा करावी लागते. गार्मिनसारख्या कंपन्यांच्या काही घड्याळांत बाहेरचा उजेड परत फेकणारा पडदा असतो. तो घरात फिका दिसतो पण उन्हात स्वच्छ वाचता येतो. दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांनी घेताना याचा विचार करावा.

फेस निवडताना

मी घरच्यांची घड्याळे लावून देताना ज्या गोष्टी बघतो, त्या थोडक्यात अशा:

१. तास काटा आणि मिनिट काटा यांची लांबी आणि जाडी स्पष्टपणे वेगळी हवी. मिनिट काट्याचे टोक मिनिटांच्या रेघांना टेकायला हवे.

२. साठ रेघा असाव्यात, निदान पाच-पाच मिनिटांच्या खुणा तरी ठळक हव्यात.

३. काटे पांढरे किंवा पिवळट, तबकडी काळी. लाल रंग सेकंद काट्यापुरता.

४. तबकडीवर जास्तीत जास्त दोन जादा गोष्टी, त्याही काट्यांखाली झाकल्या न जाणाऱ्या जागी. त्यातली एक म्हणून आकड्यांत वेळ ठेवता आली तर उत्तमच.

५. फेस लावल्यावर साडेपाच, ६:३३ आणि ७:५८ या तीन वेळांना बघावा. तिन्ही वेळा एका नजरेत बरोबर वाचता आली तर ठेवावा.

६. हात न हलवताही वेळ दिसावी म्हणून 'ऑलवेज ऑन' चालू करावे. मनगट झटकून स्क्रीन जागी करणे ज्येष्ठांना नेहमी जमत नाही.

काही घरांत भिंतीवरचे घड्याळ दहा मिनिटे पुढे ठेवायची रीत असते. त्यांच्यासाठी एक गंमत: अ‍ॅपलच्या घड्याळात दिसणारी वेळ ५९ मिनिटांपर्यंत पुढे ठेवता येते, पण गजर आणि सूचना खऱ्या वेळेलाच येतात. आणि ज्यांना आपली लिपी मनगटावर हवी असेल त्यांनी त्याच घड्याळातला 'कॅलिफोर्निया' हा फेस बघावा. त्यावर देवनागरी अंक निवडता येतात. लहान आकारात १ आणि ९ थोडे सारखे दिसतात, पण तबकडीवर दोघांच्या जागा ठरलेल्या असल्यामुळे अडत नाही. बाबांनी तो बघितला आणि म्हणाले, "एचएमटीवर पण असे अंक यायचे." त्यांना तो लगेच आवडला.

येत्या दिवाळीत कुणी आई-वडिलांना स्मार्टवॉच देणार असाल, तर खोक्यातून काढून हातावर बांधून तिथेच थांबू नका. पंधरा मिनिटे त्यांच्याजवळ बसा. चष्मा काढून, हात नेहमीसारखा गुडघ्यावर ठेवून त्यांना वेळ वाचायला सांगा. चुकले तर फेस बदला आणि पुन्हा विचारा. रक्तदाबाची गोळी आठची आहे की नऊची, हे त्यांना कुणाला न विचारता कळले, की मग पावले आणि ठोके यांचे शिकवणे सावकाश होईल.